पूर्ण चौकट कोणती?

बाजारांत एकाद्या वस्तूस ‘पूर्ण’ हें विशेषण चिकटलें, कीं तिच्या शेजारीं ठेवलेली दुसरी वस्तु आपोआप अपूर्ण ठरते. तिच्याविरुद्ध कोणास एक अक्षरहि बोलावें लागत नाहीं. कॅमेऱ्यांच्या बाबतींत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असेंच घडलें आहे. ज्या कॅमेऱ्याच्या पोटांतील सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो, त्यास ‘फुल-फ्रेम’ म्हणतात. ज्याचा सेन्सर त्याहून लहान, म्हणजे सुमारें २३.५ मिलिमीटर लांब व १५.६ मिलिमीटर रुंद असतो, त्यास ‘क्रॉप-सेन्सर’, म्हणजे छाटलेल्या चौकटीचा, असें म्हणतात. पहिला जाणकारांचा व दुसरा शिकाऊंचा, अशी समजूत रूढ झाली आहे. ताडोब्याच्या जंगलांत जाण्याचा बेत ज्या घरांत ठरतो, त्या घरांत हल्लीं हा प्रश्न एकदां तरी निघतोच: कॅमेरा कोणता घ्यावा, आणि त्यावर लेन्स कोणती लावावी? दुकानदार ह्याचें उत्तर किंमतीच्या भाषेंत देतो. आम्हांस वाटतें, कीं तें आधीं इतिहासाच्या व मग अरण्याच्या भाषेंत दिलें पाहिजे. कारण ‘पूर्ण’ ह्या शब्दाचा इतिहास ज्यास ठाऊक नाहीं, तो त्या शब्दाची किंमत मात्र रोख मोजून बसतो.

छायाचित्रणाच्या जन्मापासूनच ही ‘पूर्ण’ पदवी कोणा ना कोणाकडे चालत आलेली आहे. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर ह्याची पद्धति जाहीर झाली, तेव्हां त्याच्या रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याचें माप साडेसहा इंच रुंद व साडेआठ इंच लांब असें होतें. हीच पुढें ‘फुल प्लेट’ ठरली, आणि तिचे भाग पाडून ‘हाफ प्लेट’ व ‘क्वार्टर प्लेट’ हीं नांवें पडलीं. १८५१ पासून काचेवर कोलोडियन ओतून फोटो घेण्याची पद्धति आली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु नारायण दाजी ह्यांच्यासारखे आपले लोकहि त्या कलेंत पुढें आले. त्या काळीं चित्र मोठें करून छापण्याची सुलभ सोय नव्हती. काच जेवढी, तेवढेंच चित्र कागदावर उमटे. म्हणून मोठें चित्र पाहिजे असेल तर काचहि मोठीच घ्यावी लागे. शिवाय ती काच ओली आहे तोंवरच चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं तें धुवावयाचें, अशी अट. फोटोग्राफराबरोबर अंधारा तंबू, औषधांच्या बाटल्या व पाणी, असा लवाजमा चाले. अशा लवाजम्यानिशीं देवळांचे व किल्ल्यांचे फोटो निघत. वाघ कांहीं तंबू ठोकेपर्यंत थांबत नसे. त्या ‘फुल प्लेट’चें क्षेत्रफळ आजच्या ‘फुल-फ्रेम’ सेन्सरच्या एकेचाळीस पट भरतें. त्या पिढींतील एकादा फोटोग्राफर आज आपल्यापुढें येता, तर आपल्या पूर्ण चौकटीस त्यानें टपालाच्या तिकिटाची उपमा दिली असती.

मग ३६ बाय २४ हें माप आलें कोठून? तें कोणी शास्त्रज्ञानें डोळ्याचा अभ्यास करून ठरविलेलें नाहीं. तें सिनेमाच्या फिल्मचें उरलेंसुरलें दान आहे. १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत एडिसनच्या कारखान्यांतील डिक्सन ह्यानें ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांस भोकें पाडलेली फिल्म चालत्या चित्रांसाठीं तयार केली. ही फिल्म उभी सरके, आणि तिच्यावर प्रत्येकीं चार भोकांच्या उंचीची, सुमारें २४ बाय १८ मिलिमीटरची एकेक चौकट उमटे. हेंच माप जगभर रूढ झालें. १९१३ सालीं दादासाहेब फाळके ह्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला, तोहि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरच.

साधारण त्याच सुमारास, १९१३-१४ च्या दरम्यान, जर्मनींत वेट्झलार येथील लाइट्स ह्यांच्या कारखान्यांत ऑस्कार बार्नाक नांवाचा एक कारागीर एक निराळीच खटपट करीत होता. त्याची प्रकृति नाजूक. दम्यामुळें काचांचा जड कॅमेरा खांद्यावरून डोंगरांत नेणें त्याला झेपत नसे. त्यानें सिनेमाची फिल्म उभी न सरकवितां आडवी सरकविली, आणि दोन चौकटींची जागा एका चित्रास दिली. चार भोकांच्या जागीं आठ भोकें आलीं, आणि २४ बाय १८ ची दुप्पट म्हणजे ३६ बाय २४ हें माप झालें. महायुद्धामुळें तें यंत्र मागें पडलें. १९२५ सालीं ‘लायका’ ह्या नांवानें तें विक्रीस आलें. म्हणजे वंशावळ मांडूं गेल्यास सिनेमाची चौकट ही वडील, आणि आज ‘पूर्ण’ म्हणून मिरविणारी चौकट ही तिची दुप्पट केलेली कन्या. आजचा तथाकथित छाटलेला सेन्सर मापानें त्या मूळ सिनेचौकटीच्याच जवळपास बसतो. फाळक्यांच्या हरिश्चंद्रास कोणीं छाटलेला म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

लायका बाजारांत आली, तेव्हां तिचें स्वागत ‘पूर्ण चौकट’ म्हणून झालें नाहीं. तिला ‘मिनिएचर’, म्हणजे चिमुकला कॅमेरा, असें म्हणत, आणि काचांवर काम करणारे धंदेवाईक तिच्याकडे खेळणें म्हणूनच पाहत. आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि तिचें राज्य फार उशिरां आलें. ज्या वाचकांच्या घरीं आजोबांचा ‘आग्फा क्लिक-३’ कपाटांत अजून पडून असेल, त्यांनीं तो एकदां उघडून पाहावा. बडोद्यास तयार होणारा तो साधा डबा. त्याची लेन्स सामान्य, वेग एकच. पण त्याची चौकट जवळजवळ सहा सेंटिमीटर चौरस. आजच्या फुल-फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी! घरांतील सर्वांत स्वस्त कॅमेऱ्याची चौकट आजच्या महागड्या चौकटीहून मोठी होती, आणि तरी त्यानें लग्नमुंजींखेरीज फारसें कांहीं टिपलें नाहीं. चौकटीच्या मापावरूनच चित्राची योग्यता ठरत असती, तर असें झालें नसतें.

फिल्मचें युग संपूं लागलें, तेव्हां हा प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. सेन्सर हा सिलिकॉनच्या गोल तबकडीवर तयार होतो. त्या तबकडीवर ठिकठिकाणीं सूक्ष्म दोष राहतातच. तबकडींतून लहान तुकडे काढले तर दोषी तुकडे टाकून देऊन पुष्कळसे चांगले हातीं लागतात, पण मोठे काढले तर तेवढेच दोष अधिक मोठा भाग वायां घालवितात. त्यांतून ३६ मिलिमीटर लांबीचा सेन्सर एका वेळीं छापण्याच्या यंत्राच्या आवांक्याबाहेर जात असल्यामुळें तो भागाभागांनीं जोडून छापावा लागे. म्हणून मोठा सेन्सर दुप्पट नव्हे, तर कितीतरी पटींनीं महाग पडे. १९९९ सालीं निकॉनचा ‘डी-१’ आला तो लहान सेन्सर घेऊन, २०००चा कॅननचा ‘डी-३०’ आला तोहि तसाच. ह्या लहान मापाला १९९६ मध्यें निघालेल्या व लवकरच मागें पडलेल्या ‘एपीएस’ फिल्मच्या एका चौकटीवरून ‘एपीएस-सी’ हें नांव मिळालें. २००२ मध्यें कॅननचा ‘वन-डी-एस’ व २००५ मध्यें त्याच कंपनीचा ‘फाइव्ह-डी’ हे ३६ बाय २४ चा सेन्सर घेऊन आले, आणि त्याच वेळीं जुन्या ‘मिनिएचर’ला ‘फुल’ ही पदवी मिळाली. पदवीचें कारण उघड होतें. लोकांच्या घरीं फिल्मच्या काळांतील लेन्स होत्या. लहान सेन्सरवर त्या लेन्सचें दृश्य कडेनें कापलें जाई, मोठ्यावर पूर्ण येई. पूर्ण म्हणजे जुन्या लेन्सच्या मानानें पूर्ण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ज्याच्या घरीं जुनी लेन्सच नाहीं, त्याला ह्या पूर्णतेशीं कांहीं कर्तव्य नाहीं.

आतां आपण चांद्याकडे वळूं. ‘चांदा’ हें ह्या जिल्ह्याचें जुनें नांव. १९८२ सालच्या ऑगस्टमध्यें त्याचें विभाजन होऊन पूर्वेकडील व दक्षिणेकडील अरण्यमय भागाचा गडचिरोली जिल्हा झाला. ताडोब्याच्या परिसरांत १९३५ सालीं शिकारीस बंदी झाली. १९५५ सालीं तलावाभोंवतालचें सुमारें ११६ चौरस किलोमीटरांचें रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलें गेलें. महाराष्ट्रांतील तें सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ मध्यें अंधारी अभयारण्य झालें, आणि पुढील दशकांत दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा आहे. ज्या रानांत पूर्वीं बंदुकीच्या बोअरविषयीं वाद चालत, त्याच रानाच्या वेशीवर आज लेन्सच्या मिलिमीटरांविषयीं वाद चालतात. हा पालट चांगलाच म्हटला पाहिजे. पण शिकाऱ्यास जी मोकळीक होती ती छायाचित्रकारास नाहीं, आणि नसावी, हें येथें ध्यानांत घ्यावयाचें. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या दरवाजांतून आंत गेल्यावर गाडींतून उतरावयाचें नाहीं, रस्ता सोडावयाचा नाहीं, ठरल्या वेळीं बाहेर पडावयाचें. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनीं वन्य प्राण्यांपासून वीस मीटरांहून अधिक अंतर राखण्यास सांगितलें आहे. फोटोग्राफीच्या शिकवणुकींत ‘आणखी जवळ जा’ असा एक उपदेश असतो. ताडोब्यांत तो निरुपयोगी आहे, कारण पाय गाडींत बांधलेले असतात. अंतर वाघ ठरवितो.

अंतर एकदां दुसऱ्यानें ठरविलें, म्हणजे हिशेब सोपा होतो. समजा, तेलियाच्या कांठीं वाघ पन्नास मीटरांवर बसला आहे, आणि आपल्याजवळ ४०० मिलिमीटर फोकल लेंग्थची, म्हणजे शाळेच्या पुस्तकांतील भाषेंत तेवढ्या नाभीय अंतराची, लेन्स आहे. पूर्ण चौकटींत त्या अंतरावरचा साडेचार मीटर लांब व तीन मीटर उंच असा भाग येईल. लहान चौकटींत सुमारें २.९ मीटर लांब व १.९५ मीटर उंच एवढाच. शेपटी वगळून वाघाची लांबी पावणेदोन-दोन मीटर धरली, तर लहान चौकट त्यानें बरीचशी भरते आणि मोठींत तो मध्यभागीं राहून भोंवतीं गवत उरतें. ह्यालाच विक्रेते ‘लहान सेन्सरवर ४०० ची लेन्स ६०० ची होते’ असें म्हणतात. हें बोलणें अर्धेंच खरें आहे. लेन्स ४०० चीच राहते. सेन्सरवर पडलेल्या वाघाच्या प्रतिमेचें मापहि दोन्हींकडे अगदीं एकच असतें. लहान चौकट फक्त भोंवतालचें गवत आधींच टाकून देते. मग लाभ तो कोणता? लाभ एवढाच, कीं लहान सेन्सरवर पिक्सेल दाटीनें बसविलेले असतील, तर तेवढ्याच प्रतिमेवर अधिक पिक्सेल येतात व वाघाच्या मिशा अधिक स्पष्ट उमटतात.

हा लाभ किती मोठा होता, हें २००७ सालच्या एका योगायोगावरून कळतें. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें निकॉननें एकाच वेळीं दोन कॅमेरे जाहीर केले: पूर्ण चौकटीचा ‘डी-३’ आणि लहान चौकटीचा ‘डी-३००’. दोहोंचेहि पिक्सेल बारा मेगापिक्सेलांच्या आसपास. ‘डी-३’चें चित्र लहान चौकटीएवढें कापलें तर पांच मेगापिक्सेल उरत, ‘डी-३००’मध्यें त्याच जागेंत पुरे बारा. उलट अंधारांत ‘डी-३’ इतका स्वच्छ पाही, कीं पूर्वींच्या छायाचित्रकारांस तें नवल वाटलें. निवड खरोखरीची होती: लांबचें पाहिजे कीं अंधारांतलें? पण काळ थांबला नाहीं. २०१६ चा लहान चौकटीचा ‘डी-५००’ सुमारें २१ मेगापिक्सेलांचा, आणि २०१७ चा पूर्ण चौकटीचा ‘डी-८५०’ सुमारें ४६ मेगापिक्सेलांचा. हा दुसरा लहान चौकटीएवढा कापला तरी एकोणीस उरतात! दहा वर्षांत दोहोंमधील भिंत इतकी पातळ झाली, कीं आतां फरक उरला तो मुख्यतः किंमतीचा, वजनाचा व वेगाचा. जें मत २००७ सालीं बरोबर होतें, तेंच आज जसेंच्या तसें सांगणाऱ्याचा सल्ला घेण्यापूर्वीं त्याचें साल विचारावें.

प्रकाशाचा प्रश्न मात्र नीट उलगडला पाहिजे, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेंच आहे. हिवाळ्यांत दरवाजा उघडतो तेव्हां बांबूच्या बेटांत अजून निळसर काळोख असतो, आणि संध्याकाळीं वाघ उठतो तोहि उजेड मावळूं लागल्यावर. अशा वेळीं पूर्ण चौकट अधिक प्रकाश घेते, असें सांगतात. क्षेत्रफळाच्या मानानें तें सव्वादोन पटींहून अधिक आहे, हें खरें. पण तो अधिक प्रकाश कशाचा? चौकट वाघानें भरली असेल तर वाघाचा, आणि भरली नसेल तर भोंवतालच्या गवताचा. वाघापासून निघालेला प्रकाश कॅमेऱ्यांत किती शिरणार, हें सेन्सर ठरवीत नाहीं. तें लेन्सचें तोंड ठरवितें. ४०० मिलिमीटरची, एफ-४ ची लेन्स घेतली तर तिच्या तोंडाचा व्यास शंभर मिलिमीटर. पूर्ण चौकटीवर तेवढेंच दृश्य मिळविण्यासाठीं ६०० ची, एफ-६ ची लेन्स लावली, तर तिच्याहि तोंडाचा व्यास शंभरच. ह्या दोन जोड्या जवळजवळ सारखेंच चित्र देतात. मोठ्या चौकटीचा खरा फायदा ज्यास पाहिजे, त्यानें ६०० ची एफ-४ ची, म्हणजे दीडशें मिलिमीटर व्यासाची लेन्स घ्यावी. ती एका लहान मोटारीहून महाग. कॅननच्या तसल्या लेन्सचें वजन १९९९ सालीं पांच किलोंहून अधिक होतें. २०१८ पर्यंत तें तीन किलोंवर आलें, पण किंमत कांहीं उतरली नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों, कीं जंगलांत प्रकाश विकत मिळतो तो काचेच्या रूपानें. चौकट हें त्या काचेमागचें भांडें आहे. भांडें मोठें घेतलें आणि ओतणारी धार तेवढीच राहिली, तर भांडें अधिक भरत नाहीं.

मध्यमवर्गीय घरांस ह्या कोंडींतून वाट दाखविली ती मोठ्या सेन्सरनें नव्हे, तर बेताच्या किंमतीच्या लांब झूम लेन्सनीं. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉननें १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स जाहीर केली. पाठोपाठ सिग्माच्या आल्या, आणि २०१५ मध्यें निकॉनची २०० ते ५०० ची आली. सुमारें दोन किलो वजन, जिप्सीच्या कठड्यावर तांदूळ किंवा वाळू भरलेली पिशवी ठेवून पेलतां येणारें. लहान चौकटीवर ह्या लेन्स लांबच्या पाणवठ्यापर्यंत पोंचत. आणि झूमचा दुसरा उपकार असा, कीं ताडोब्याच्या रस्त्यावरील तांबूस धुळींत लेन्स बदलण्याची, म्हणजे उघड्या सेन्सरवर धूळ घेण्याची, वेळ येत नाहीं. वाघ कधीं कधीं अनपेक्षितपणें रस्त्यावरूनच समोर चालत येतो. वीस मीटरांवर ६०० ची लेन्स लहान चौकटींत पाऊण मीटर रुंदीचाच भाग दाखविते. त्यांत वाघाचें तोंड मावतें, वाघ मावत नाहीं. अशा वेळीं ज्याला मागें सरतां येत नाहीं, त्याला झूमच मागें सारतें. आणखी एक गोष्ट: मे महिन्यांतील दुपारीं तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लाटा उठतात, त्या वेळीं दीडशें मीटरांवरील वाघ कोणत्याहि चौकटींत थरथरताच उमटणार. तेथें खर्च करणें व्यर्थ. कॅमेरा खालीं ठेवून डोळ्यांनीं पाहावें.

गडचिरोलीकडे गेलें म्हणजे हिशेब बदलतो. जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग अरण्याखालीं आहे. आलापल्लीचा साग उंच, भामरागडचें रान दाट व ओलसर. येथें ताडोब्यासारखी जिप्सींची रांग नाहीं आणि वाघ दाखविण्याचा करारहि नाहीं. शेंड्यावरून उड्या मारणारें शेकरू पाहण्यासाठीं लांब लेन्स हवी, हें खरें. पण ह्या जिल्ह्यांत जें खरोखर पाहण्यासारखें आहे तें बहुतेक जवळचें आहे. मार्कंड्याचीं शिल्पें, इंद्रावती-पर्लकोट्यांच्या कांठचे दगड, मोहाच्या झाडाखालचा पहांटेचा वेंच, माडिया घरांची ओसरी. ह्या वस्तूंजवळ पायानें जातां येतें, आणि माणसांजवळ जावयाचें तें आधीं ओळख करून, परवानगी घेऊन. जेथें जवळ जाण्याची मोकळीक आहे, तेथें मोठी चौकट कडेपर्यंत भरतां येते, आणि भरलेल्या मोठ्या चौकटीचा सव्वादोन पट प्रकाश तेव्हां फुकट जात नाहीं. देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यांत, पावसाळी झाडाखालीं, ३५ किंवा ५० मिलिमीटरच्या साध्या व स्वस्त लेन्सनेंहि पूर्ण चौकट आपलें मोल दाखविते. तेव्हां नियम असा बसतो: जेथें पाय मोकळे तेथें मोठी चौकट, जेथें पाय बांधलेले तेथें लहान चौकट व लांब लेन्स. एका जुन्या जिल्ह्याच्या दोन भागांत एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें निघतात, हें ज्यास पटलें त्यास ‘सर्वांत चांगला कॅमेरा कोणता’ असें विचारण्याची गरज उरत नाहीं.

आणि ह्या अरण्यांतील सर्वांत महत्त्वाचीं छायाचित्रें तर मोठ्याहि चौकटीचीं नाहींत आणि लहानहि नाहींत. तीं नखाएवढ्या सेन्सरचीं आहेत. १९२० नंतरच्या दशकांत संयुक्त प्रांतांतील एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्यानें वाटेवर तार बांधून, वाघाच्याच पावलानें कॅमेरा उडवून, रात्रीचे फोटो घेतले. त्याचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. १९९० नंतर कर्नाटकांत नागरहोळे येथें डॉ. उल्हास कारंत ह्यांनीं त्याच कल्पनेस गणिताची जोड दिली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, आणि डाव्या कुशीचे उजवीहून निराळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे बांधावयाचे, व पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजावयाचे. हीच पद्धत पुढें देशभर गेली. २०१८ च्या गणनेंत २६,८३८ ठिकाणीं असे कॅमेरे लागले, सुमारें साडेतीन कोटि चित्रें निघालीं, त्यांतील ७६,६५१ वाघांचीं होतीं, आणि त्यांवरून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखले गेले. ह्या चित्रांत कला नाहीं. पुष्कळदां वाघाचें डोकेंच कापलेलें असतें. पण पट्टे दिसतात, आणि पट्टे पुरेसे असतात. ब्रह्मपुरीसारख्या वनविभागांत, जेथें गांव व वाघ एकमेकांच्या अंगणांत वावरतात, तेथें एकाद्या बाईचा वा गुराख्याचा बळी गेला, कीं कोणता वाघ तेथें आला होता, हें असल्याच चित्रांवरून ताडून पाहतात. कोणास पकडावयाचें व कोणास मोकळें ठेवावयाचें, हा निर्णय त्या नखाएवढ्या चौकटीवर टेकलेला असतो. निर्दोष वाघ पिंजऱ्यांत जाऊं नये आणि गांवकऱ्यांची भीति खोटी ठरवूं नये, ह्याहून मोठें काम कोणत्या छायाचित्रास सांगतां येईल?

ह्या दृष्टीनें पाहिलें, तर हौशी छायाचित्रकाराच्या निवडीसहि नीतीची एक बाजू आहे. ज्याची लेन्स आंखूड पडते, तो गाडी पुढें घेण्याचा आग्रह धरतो. चालक बक्षिसाच्या आशेनें ती पुढें घेतो. एकामागून एक गाड्या येतात, आणि वाघाची वाट बंद होते. २०२४ सालच्या अखेरच्या दिवशीं चंद्रपूरच्या उत्तरेस असलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एका वाघिणीस व तिच्या बछड्यांस पर्यटकांच्या गाड्यांनीं दोन्हीं बाजूंनीं अडविलें, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. मोबाइल फोन हातीं असलेल्यांस तर वाघाच्या अंगणांतच जावें लागतें. ताडोब्यांत त्यांवर बंदी आली तिचें एक कारण हेंच. लांब लेन्स व लहान चौकट ही जोडी ज्या घरांस परवडते, त्या घरांनीं ती ह्याहि कारणासाठीं पसंत करावी, कीं तिच्यामुळें दूर राहण्यांत तोटा वाटत नाहीं.

घरगुती सल्ला द्यावयाचा, तर तो थोडक्यांत असा. पैसा आधीं लेन्सवर खर्चावा, मग कॅमेऱ्यावर. कॅमेरे पांच वर्षांत जुने होतात, चांगली लेन्स वीस वर्षें टिकते. ताडोब्यास वर्षांतून एकदां जाणाऱ्यानें लांब लेन्स विकत घेण्यापूर्वीं नागपुरांत किंवा पुण्यांत भाड्यानें मिळते ती घेऊन पाहावी. पूर्ण चौकट घ्यावयाची तर तिच्याबरोबर लागणाऱ्या काचेची किंमत धरूनच घ्यावी. नुसत्या कॅमेऱ्याच्या किंमतीवर भुलूं नये. आणि ज्या घरीं देवळें, माणसें, सणवार व प्रवास हेच विषय आहेत, त्या घरीं वाघाच्या एका दिवसासाठीं तीनशें चौसष्ट दिवसांची सोय मोडूं नये.

साडेसहा इंची पत्रा, सिनेमाची फिल्म, बार्नाकची चिमुकली चौकट, सिलिकॉनचा तुकडा: ‘पूर्ण’ हा किताब प्रत्येक पिढीनें आपल्या सोयीच्या मापास दिला, आणि पुढच्या पिढीनें तो काढून दुसऱ्यास दिला. आजच्या फुल-फ्रेमवरूनहि तो एक दिवस निघेल. तेव्हां तो किताब विकत घेण्यांत शहाणपण नाहीं. आपणांस उभें कोठें राहावयाचें आहे, आणि समोरच्या जीवास किती जागा सोडावयाची आहे, एवढें ज्यानें आधीं ठरविलें, त्याच्या हातांतील कोणतीहि चौकट त्या कामापुरती पूर्णच आहे.